परीक्षेत न विचारलेला प्रश्न

मागच्या महिन्यात विमा प्रतिनिधीची परीक्षा पास झालो. निकालाचा फोटो इथे टाकला तेव्हा अभिनंदनाचा पाऊस पडला, आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी त्या दिवसापासून माझा फोन उचललेला नाही. लोकांचं चूक नाही म्हणा. एजंट दिसला की रस्ता बदलायची सवय आपल्याला एजंटांनीच लावलीय. म्हणून आज पॉलिसी विकायला आलेलो नाही. आत गेल्यावर काय दिसलं, तेवढं सांगतो.

वाळूजला सतरा वर्षं स्टोअरमध्ये काढल्यावर या वयात परत अभ्यास करायचा म्हणजे घरी पोरांना हसायला विषय. पण पात्रता फक्त दहावी. आयसी-३८ नावाचा अभ्यासक्रम, परीक्षा मराठीतूनही देता येते. एका तासात ५० प्रश्न आणि पास व्हायला ३५ टक्के. म्हणजे अठरा उत्तरं बरोबर आली की तुम्ही कोणाच्याही घरात बसून त्याच्या मरणाबद्दल आणि आजारपणाबद्दल सल्ला द्यायला मोकळे! मोटारसायकलचं लायसन्स काढताना निदान आठचा आकडा तरी काढावा लागतो.

लायसन्स हा शब्दही आता सवयीनेच वापरतो आपण. आधी ते विमा नियामकाकडून, म्हणजे आयआरडीएआयकडून मिळायचं. २०१५ साली कायदा बदलला आणि आता कंपनीच नियुक्तीपत्र देते. यातली ग्राहकाच्या कामाची गोष्ट अशी की एजंटने केलेल्या उद्योगांची जबाबदारी त्याच कायद्याने कंपनीवर टाकलीय, एक कोटी रुपयांपर्यंत दंडासकट. "तो आमचा माणूस नव्हता" असं म्हणून कंपनीला सुटता येत नाही. हे किती ग्राहकांना माहीत आहे?

पण माझं खरं शिक्षण परीक्षेनंतर झालं. एका जुन्या एजंटाबरोबर सिडकोत एका घरी गेलो होतो. आरोग्य विम्याचा फॉर्म हल्ली मोबाईलवर भरतात. रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, आधी ऑपरेशन झालंय का, असे दहा-पंधरा प्रश्न. ह्यांनी एकही प्रश्न वाचून दाखवला नाही. नाही, नाही, नाही असं धडाधड दाबत गेले आणि शेवटी म्हणाले, "काका, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा." काकांनी सांगितला. तो ओटीपी म्हणजे काकांची सही. त्यांनी न ऐकलेल्या उत्तरांखाली त्यांची सही झाली, आणि आत काकू त्यांच्या शुगरच्या गोळ्या काढून ठेवत होत्या! मी तिथेच बोललो. फॉर्म परत भरला. परतताना गाडीवर जुन्या एजंटाने मला बरंच ऐकवलं, ते सोडा.

मला हे इतकं लागायचं कारण आमच्याच नात्यात आहे. बायपास झाली, बिल साडेचार लाखांवर गेलं, आणि कंपनीचं पत्र आलं की रक्तदाबाची माहिती लपवली म्हणून दावा नामंजूर. लपवली कोणी? त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. शेत गेलं त्यात थोडं.

"भाऊ, शुगर लिहू नका ना, हप्ता वाढेल," असं सांगणाऱ्या बायाबापड्याही भेटतात. त्यांना मी एकच हिशोब सांगतो. खरं लिहिलं तर फार तर हप्ता वाढेल, किंवा त्या आजारासाठी काही काळ थांबावं लागेल. २०२४ च्या नियमांनुसार हे थांबणं जास्तीत जास्त तीन वर्षं. खोटं लिहिलं तर हप्ते भरत राहायचं आणि दवाखान्याच्या काउंटरवर कळायचं की आपल्याकडे काहीच नाही. आरोग्य विमा सलग पाच वर्षं चालू राहिला की माहिती दिली नाही म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. जीवन विम्यात ही मुदत तीन वर्षांची आहे. पण आजार काही मुदत बघून येत नाही.

आपल्या शहरात याची गरज कुठे आहे, तेही सांगतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांतल्या कामगाराचा पगार २१ हजारांच्या आत आहे तोवर तो ईएसआयमध्ये असतो. पगार वाढून त्या पुढे गेला की पेढे वाटले जातात, आणि तो ईएसआयमधून बाहेर पडतोय हे त्याला कोणी नीट सांगत नाही. त्या घरातल्या म्हाताऱ्या आई-वडिलांचं काय? अशा वेळी मी आधी विचारतो, रेशनकार्ड कुठंय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, घाटीत किंवा योजनेतल्या खासगी दवाखान्यात. हे सांगून माझ्या पॉलिसी बुडतात असं मित्र म्हणतात. बुडू दे.

कमिशनचंही बोलू. ते कोणी विचारत नाही, पण तुम्ही विचारलं तर सांगणं एजंटावर बंधनकारक आहे. एलआयसीने ऑक्टोबर २०२४ पासून पहिल्या वर्षाचं कमिशन कमी करून पुढच्या वर्षांचं वाढवलं, तेव्हा एजंटांनी आंदोलनं केली. मला तो बदल पटतो. पॉलिसी टिकली तर एजंटाला पैसे मिळावेत. विमा सखी योजनेतही महिलांना पहिल्या वर्षी महिना ७ हजार, मग ६ आणि ५ हजार मिळतात, पण पुढचे पैसे आधीच्या पॉलिसी चालू आहेत का यावर ठरतात. आपल्या बहिणी-वहिनी त्यात जात असतील तर नुसतं टार्गेट शिकवू नका, फॉर्म वाचून दाखवायला शिकवा.

आणि ज्यांचा दावा नाकारला गेलाय त्यांनी गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. आपला जिल्हा पुण्याच्या कार्यालयात येतो. फी नाही, वकील लागत नाही. पण कंपनीने नकार कळवल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

पॉलिसी हातात आली की ३० दिवसांत परत करता येते. त्या दिवसांत निदान माहितीपत्रक वाचा, मराठीत मागा, मागितल्यावर द्यावं लागतं. भरलेल्या फॉर्मची प्रत बघा आणि तुमच्या नावाने कुठे "नाही" लिहिलंय ते तपासा.

पहिला हप्ता मात्र माझ्याकडून मागू नका, भाऊ. कलम ४१ प्रमाणे देणाराही अडकतो आणि घेणाराही, दंड दहा लाखांपर्यंत. फॉर्म भरायला बोलवाल तेव्हा गोळ्यांच्या जुन्या चिठ्ठ्या काढून ठेवा, चहा नंतर घेऊ.