टॅक्सीचं दार

आमच्या अंगणात लिंबाखाली एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. १९८६ सालची, फिकट राखाडी-निळ्या रंगाची. तात्यांनी ती वालचंदनगरला कारखान्यात फिटर असताना सेकंडहँड घेतली. त्यांच्या लेखी ती गाडी आणि ती नोकरी एकाच घरातल्या. आणि आहेतच. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी आमच्या इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर ऊस लावला, साखर कारखाना उभा केला. तीच वस्ती पुढे वालचंदनगर झाली. त्याच माणसाने बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजांचा आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. १९४७ मध्ये त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, फियाट ११०० आली आणि १९७४ च्या सुमारास तिचंच नाव पद्मिनी पडलं. तात्या हे सगळं घरच्या वंशावळीसारखं सांगतात.

२०२३ च्या गळीत हंगामात ती गाडी सणसरजवळच्या एका वळणावर उभी होती. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या असल्या की वळताना दुसरी ट्रॉली पहिलीच्या चाकोरीत राहत नाही, आत येते. आमच्याकडे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी मी गाडी वळणाच्या आतल्या अंगाला लावली होती. उजवं मागचं दार चेपून आत गेलं. मिस्त्रींनी पत्र्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "दादा, ठोकून सरळ होईल, पण पत्रा ताणलाय आणि खालची कड गंजानं खाल्लीय. दुसरं दार बघा."

दुसरं दार मिळालं ते कुर्ल्यात, भंगारात. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली होती. मला मिळालेलं दारही एका टॅक्सीचंच होतं. काळंभोर, हँडलभोवती हजारो बोटांनी घासून गुळगुळीत झालेलं. जिथे या गाड्या जन्मल्या त्याच कुर्ल्यातून ते दार भावाच्या टेम्पोत, गोधडीत गुंडाळून आमच्या अंगणात आलं. तात्या बाजेवरून उठले, त्यांनी बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "पत्रा चांगलाय."

आता काळं दार राखाडी-निळं करायचं होतं.

रंग खरवडताना मला पहिल्यांदा कळलं की पत्र्याला भूतकाळ असतो. पाणी पेपरने एका जागी गोल गोल घासत राहिलो, तसे थर उघडे पडू लागले. वरचा काळा, मग एक पातळ करडा, त्याखाली आणखी एक काळा, पुन्हा करडा, मग विटकरी रेड ऑक्साइड आणि मध्यभागी रुपयाएवढा चमकता पत्रा. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी वर्तुळं. ही टॅक्सी निदान दोनदा रंगली होती. कोणीतरी दोनदा तिच्यावर पैसे खर्च केले होते, दोनदा ती नवी होऊन स्टँडवर उभी राहिली होती. ते घासून टाकताना हात जरा जड झाला.

खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळली की घासली, पुन्हा भरली. बारामतीच्या गॅरेजमधले पेंटर, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, त्यांनी एक युक्ती शिकवली होती: डोळे मिटायचे, हातात मऊ फडकं घ्यायचं आणि तळवा पत्र्यावरून सावकाश फिरवायचा. डोळ्यांना जे सपाट वाटतं त्यातला उंचवटा तळव्याला कळतो. लांबीचं काम डोळ्यांनी कधी संपत नाही, तळव्यानेच संपतं.

रंगासाठी मामांकडे गेलो तो कागदावर रंगाचं नाव लिहून. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "नाव राहू द्या, जुनं दार आणा." नव्या गाड्यांना रंगाचा नंबर असतो, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली चिकटवलेला. तो दुकानात सांगितला की काट्यावर ग्रॅमच्या हिशेबाने रंग मिसळून मिळतो. पण तो नंबर गाडीच्या जन्माचा असतो. नंतर गाडीने किती ऊन खाल्लं, ती लिंबाखाली उभी होती की पत्र्याच्या शेडमध्ये, हे नंबराला माहीत नसतं. म्हणून तर जाणते लोक पेट्रोलच्या टाकीचं झाकणच सोडवून दुकानात नेतात. गाडीचं आजचं वय त्या झाकणावर असतं.

मामांनी चेपलेल्या दाराच्या एका चांगल्या भागावर बोटाने कंपाउंड चोळलं. फडक्यावर पांढुरका लगदा आला आणि खालून चांगला निळसर रंग वर आला. उसाच्या कांडीवर पांढरी मेणचट भुकटी असते ना, अंगठ्याने पुसली की खालची साल चकाकते, अगदी तसं. इतकी वर्षं आम्ही ज्याला गाडीचा रंग समजत होतो ती उन्हाने मेलेली साल होती. दार काढलेल्या चौकटीत, रबराखाली, आणखी एक तिसरा रंग सापडला. ऊन कधीच न पाहिलेला, कारखान्यातला. मग जुळवायचं कोणाशी? मेलेल्या सालीशी जुळवलं तर पहिल्या पॉलिशला दार उघडं पडेल. रबराखालच्या रंगाशी जुळवलं तर दार शेजारच्या पत्र्यापेक्षा सदतीस वर्षांनी लहान दिसेल. मामा म्हणाले, "आधी गाडी घासा, मग जी दिसेल तिच्याशी जुळवा."

गाडी घासून झाली, मग डबा उघडला. पांढऱ्यात काळ्याचे थेंब. एवढ्यानेच राखाडी येईल असं मला वाटायचं. पण पांढऱ्यात काळा मिसळला की रंग आपसूक निळ्याकडे झुकतो. त्यात निळा घालायचा तो सुईच्या टोकाने. शेवटी सगळ्यात महत्त्वाचा थेंब, मळकट पिवळा. गाडीच्या वयाचा तोच एक थेंब. तो पडला आणि डब्यातला रंग एकदम ओळखीचा झाला. ओल्या रंगावर मात्र विश्वास ठेवू नये, वाळल्यावर तो बहुधा गडद होतो. पुठ्ठ्यावर मारायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मगच जुन्या दारावर ठेवून पाहायचा. आम्ही सात पुठ्ठे केले.

सातवा पुठ्ठा गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली दारात विरघळून गेला. मी घरी घेऊन आलो. आईने तो उंबऱ्याबाहेर उन्हात नेला, तिरका धरला आणि म्हणाली, "हा हिरवट मारतोय." आई आयुष्यभर साडी काखेत धरून मॅचिंग सेंटरमध्ये गेली आहे. ब्लाऊजपीस दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय तिने कधी फाडू दिलं नाही. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेल्या दोन छटा एका उजेडात सख्ख्या दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फितूर होतात. रंगशास्त्रात याला मोठं नाव आहे. आमच्याकडच्या बायका नावाशिवायच ते जाणतात. हिरवट मारला म्हणून लालाचा अर्धा थेंब पडला. आठवा पुठ्ठा आईने पसंत केला.

कंप्रेसर भाड्याने आणला. थंडीत पहाटे दंव असतं, त्या ओलाव्यात हा जुन्या पद्धतीचा लॅकर रंग मारला तर वर पांढुरकी झाक धरते. दुपारी वारा सुटतो आणि कुठेतरी पाचट पेटलेलं असतं. त्याची काळी, पिसासारखी राख उडत येऊन नेमकी ओल्या रंगावर बसते. पहिला हात माझा असाच वाया गेला. मधली दहा ते बाराची वेळ तेवढी आपली. अंगणात पाणी शिंपडलं, काचेला रद्दी चिकटवली. गन पत्र्यापासून एक वीत. हात दाराच्या बाहेर सुरू करायचा, बाहेरच थांबवायचा, आणि दर पट्टा आधीच्या अर्ध्या पट्ट्यावर. मध्येच थबकलं की ओघळ.

या लॅकर रंगात हार्डनर नसतो, म्हणून मी हे अंगणात करायला धजावलो, तेही कार्ट्रिजचा मास्क लावून. हल्लीचा टू-के रंग घरी मारू नका, हे कळकळीने सांगतो. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. आमच्या भागातली कितीतरी पोरं फक्त रुमाल बांधून दिवसभर ही कामं करतात. त्यांच्या मालकांनी त्यांना योग्य मास्क आणि हवेशीर जागा दिलीच पाहिजे.

पुष्कळांनी सुचवलं होतं की अख्खी गाडीच रंगवून घ्या, जुळवायची कटकटच मिटेल. मला ते पटलं नाही. एका दारासाठी बाकीच्या गाडीचं ऊन-पाऊस पुसून टाकायचं? नव्याने जुन्याकडे चालत यावं, यातच जुळवण्याची खरी कला आहे. रंग जुळूनही काम संपत नाही, चकाकीही जुळावी लागते. वाळलेलं दार दोन हजार नंबरच्या पेपरने साबणाच्या पाण्यात घासलं आणि शेजारचा पत्रा जितका चमकतो तितकंच पॉलिश केलं. त्याहून जास्त करायचा मोह होतो, तो आवरला.

दार बसवलं त्या संध्याकाळी आई उंबऱ्यात येऊन पाहत राहिली आणि काही न बोलता आत गेली. तात्यांनी मात्र दार उघडलं. आतल्या कडेला, बिजागरीच्या बाजूला, टॅक्सीचा काळा रंग मी बोटभर तसाच ठेवला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि दार लावलं. ते एका झटक्यात लागलं. तो काळा पट्टा अजून तिथे आहे.