हाक मारली की हुं म्हणतात

“डॉक्टर, हे असे झोपत नाहीत हो. हाक मारली की हुं तरी म्हणतात.”

काकू तिसऱ्यांदा सांगत होत्या. मी ॲनेस्थेशियाची रेसिडेंट, दुसरं वर्ष. काकांच्या पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीने काढला होता. या प्रोसिजरला ईआरसीपी म्हणतात. मी म्हटलं, “औषधाची गुंगी आहे काकू, उतरेल.” आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

अर्ध्या तासाने सरांनी काकांचे दोन्ही हात उचलून सोडले. उजवा हळूहळू खाली आला. डावा धप्पकन पडला.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूत काळे ठिपके दिसले. ती हवा होती.

आत नीट दिसावं म्हणून दुर्बिणीतून हवा सोडून आतडं फुगवतात. फार क्वचित ही हवा एखाद्या इजा झालेल्या शिरेत शिरते आणि हृदयाच्या उजव्या बाजूला पोचते. एरवी फुप्फुसं ती गाळून घेतात. पण साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात जन्माआधीची एक छोटी वाट पूर्ण बुजलेली नसते. तिथून बुडबुडे डावीकडे जातात, मग मेंदूत, आणि रक्त अडतं.

शंभर टक्के ऑक्सिजन लावून काकांना हायपरबॅरिक चेंबर असलेल्या दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. स्कूबा डायव्हर्सना ‘बेंड्स’ झाले की त्यांनाही अशाच चेंबरमध्ये ठेवतात. दाब 2.8 पट केला की बुडबुडा जवळजवळ एक तृतीयांश होतो. बॉइलचा नियम, शाळेत पाठ केलेला. शिवाय भरपूर ऑक्सिजनमुळे बुडबुड्यातला नायट्रोजन रक्तात ओढला जातो. हे जितकं लवकर होईल तितकं बरं. मी 30 मिनिटं घालवली होती.

दुसऱ्या दिवशी काकूंनी हाक मारली. काका “हुं” म्हणाले. त्यांना डाव्या हाताने शर्टाचं बटण मात्र अजून लावता येत नाही. काकूंनी मला कधी बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

आता आमच्याकडे हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो रक्तात पटकन विरघळतो. धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून पेशंट वेळेत जागा झाला नाही, तर “गुंगी आहे” म्हणण्याआधी मी दोन्ही हात उचलून बघते. आणि बाहेर जाऊन घरच्यांना विचारते, “हे नेहमी असेच झोपतात का?”