पाच पुड्या

गेल्या वर्षी आम्ही कॅनडात मेहुण्याकडे गेलो. खोका उघडत तो म्हणाला, "भावोजी, घरची वाईन! २३ लिटर, ३० बाटल्या!" आत द्राक्षरसाची पिशवी आणि ५ पुड्या. पुड्यांवरची नावं वाचून चढायच्या आधीच माझी उतरली.

पहिली बेन्टोनाइट. म्हणजे चक्क माती! रसातला गढूळपणा धरून ती तळाशी बसते. दुसरी यीस्ट. साखर खाऊन मद्य करणारं खरं कामकरी एवढंच. बाकी सगळे साहेबलोक. तिसरी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. मी दचकलो. हिने वास घेतला, शिंकली आणि म्हणाली, "अहो, हे तर आपल्या लिंबाच्या स्क्वॅशमधलं केएमएस! टिकायला चिमूटभर घालते की मी." म्हणजे हे रसायन मी वीस वर्षं 'घरचं, शुद्ध' म्हणून पितोय.

पाचवी कायटोसॅन, वाईन नितळ करणारी. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून करतात हे कळल्यावर शाकाहारी हिने आपला पेला आधीच भावाच्या नावावर केला.

राहिली चौथी, पोटॅशियम सॉर्बेट. "ही यीस्टला मारते का रे?"

"छे हो! आहेत त्यांना हात लावत नाही. फक्त नवी पैदास थांबवते. जुनी आपोआप संपतात."

मी गप्प झालो. सत्तेचाळिसाव्या वर्षी आमच्या शाखेतला सर्वांत तरुण कारकून मीच. साहेब म्हणतात, आपण कुणालाही काढलेलं नाही.

खरंच नाही. नुसतं सॉर्बेट घातलंय.