जाऊन येतो

टोकियो शहरातील बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत, हे मला तेथे बिऱ्हाड केल्यावर कळले. आपल्याकडे अमुक पेठ, तमुक रस्ता, मारुतीच्या देवळासमोर, पिंपळापासून तिसरे घर, असे सांगितले की पाहुणा बरोबर दारात येऊन उभा राहतो. टोकियोच्या पत्त्यात रस्ताच नसतो. आधी वॉर्डाचे नाव, मग वस्तीचे, मग त्या वस्तीतील विभागाचा आकडा, मग घरांच्या चौकोनाचा आकडा आणि अगदी शेवटी घराचा आकडा. आकाशातील घार घिरट्या घालीत हळूहळू खाली उतरावी, तसा हा पत्ता मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळात उतरत जातो. माणूस मात्र जमिनीवर चालणारा! घारीची ती दृष्टी यावयास मला पुष्कळ महिने लागले.

तोवर माझा आधार म्हणजे चौकाचौकांतील पोलिसांची लहानशी चौकी. तिला तेथे 'कोबान' म्हणतात. चौकीत त्या भागाचा मोठा नकाशा असतो आणि वाट विचारावयास आलेल्या माणसाला नकाशावर बोट ठेवून घर दाखविणे, हे तेथील पोलिसाच्या नित्याच्या कामांपैकी एक काम असते. आपल्याकडे पोलीस चौकीची पायरी चढताना जे दडपण येते, ते तेथे येत नाही.

मी मूळचा सातारचा. संगणकाच्या कामासाठी २०१८ साली पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी यांच्यासह टोकियोला गेलो आणि एदोगावा वॉर्डातील निशि-कासाई या भागात राहू लागलो. नव्या जागेत राहावयास गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत वॉर्डाच्या कचेरीत जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. ती नोंद झाली, ओळखपत्राच्या पाठीवर पत्ता उमटला आणि सरकारच्या लेखी मी टोकियोकर झालो. मनाच्या लेखी ते व्हावयास मात्र फार अवकाश होता.

एदोगावा हा नद्यांकाठचा सखल मुलूख आहे. त्याचा बराच मोठा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीहूनही खाली असून बांधांच्या आधाराने तो कोरडा राहिला आहे. इसवी सन २००० च्या सुमारास संगणकाचे जाणकार भारतातून टोकियोत येऊ लागले. निशि-कासाईहून शहराच्या मध्यभागातील पेढ्या-कचेऱ्यांकडे थेट आगगाडी जाते, म्हणून त्यांतील पुष्कळांनी येथे घरे घेतली. पाहता पाहता वस्ती वाढली. तूरडाळ, कणीक, हिंग विकणारी दुकाने निघाली. २०१९ साली तर महाराष्ट्रातून जाऊन जपानचे नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. तेव्हा 'खाण्यापिण्याचे हाल झाले असतील नाही?' असे जे मला गावाकडे विचारतात, त्यांची मी निराशाच करतो. हाल झाले ते जिभेचे खरे. परंतु चवीसाठी नव्हेत, बोलण्यासाठी.

मुलांनो, ज्याला लिहिता-वाचता येते अशा माणसाला एका रात्रीत निरक्षर करून टाकले तर त्याला काय वाटेल? औषधाच्या दुकानात उभे राहावे आणि खोकल्याचे औषध कोणते व पोटदुखीचे कोणते, हे कळू नये. टपालाने आलेले पत्र उलटसुलट करून पाहावे आणि ते विजेचे देयक आहे की जाहिरात, हे उमगू नये. टोकियोची लोकसंख्या सुमारे एक कोटी चाळीस लाख. एवढ्या माणसांत मी दिवसचे दिवस दोन-चार शब्दांपलीकडे काही न बोलता वावरलो. आगगाडीतही खच्चून गर्दी असे. सकाळच्या वेळी मुंबईच्या लोकलची आठवण व्हावी इतकी. पण मुंबईच्या डब्यात भजन चालते, भांडण चालते, भाजी निवडणे चालते. येथे शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून उभी आणि चाकांच्या खडखडाटावाचून दुसरा आवाज नाही. गाडीत दूरध्वनीवर बोलणे तेथे असभ्यपणाचे मानतात. ती शांतता शिस्तीची होती, हे मला कळत होते. तरी त्या शांततेत मला माझे परकेपण फार मोठ्याने ऐकू येई. माझे नावसुद्धा मला ओळखू येईनासे झाले. जपानी लोकांच्या उच्चारात ल नाही आणि ळ तर नाहीच नाही. त्यामुळे 'कुलकर्णी' या नावाचे तेथे 'कुरुकारुनी' होते.

मग एका रविवारी मी मुलीच्या शेजारी बसून जपानी बाराखडीचे पुस्तक उघडले. पहिल्या पानावर अक्षरांचा तक्ता होता. मुलगी बोट ठेवून वाचू लागली, 'आ, इ, उ, ए, ओ.' पुढची ओळ आली, 'का, कि, कु, के, को.' मी सावरून बसलो. आधी स्वर, मग व्यंजने. आणि व्यंजनांचा क्रम क, स, त, न, ह, म, य, र, व! ही तर आपल्याच वर्णमालेची चाल होती. पुढे शोध घेता कळले की, बौद्ध धर्माबरोबर संस्कृत वर्णमालेचे ज्ञान चीनमार्गे जपानात पोहोचले आणि त्या अभ्यासाच्या परंपरेतून तेथील अक्षरांना हा क्रम मिळाला. शेकडो वर्षांपूर्वी कोण्या भिक्षूने घोकलेला तक्ता माझ्या लेकीच्या पुस्तकात मला भेटला होता. त्या दिवशी प्रथमच वाटले की, या शहरात माझ्या ओळखीचे कोणीतरी आहे.

ओळख निघाली म्हणून काम मात्र सोपे झाले नाही. बाराखडी संपली की चिनी वळणाची चित्राक्षरे सुरू होतात. पहिल्या इयत्तेतील मूल ती ऐंशी शिकते आणि प्राथमिक शाळा संपेतो एक हजार सव्वीस! २०१९ च्या एप्रिलमध्ये माझी कन्या तेथल्या शाळेत जाऊ लागली आणि वर्षभरातच ती माझी गुरू झाली. दुकानाची पाटी वाचताना मी अडलो, तर ती आधी हसून घेई आणि मग सांगे.

एकदा ओळखी शोधण्याचा छंद लागला की त्या सापडतही जातात. उएनो येथील तळ्यातल्या बेटावर बेंतेन देवीचे मंदिर आहे. हातात 'बिवा' नावाचे तंतुवाद्य धरणारी ही देवी म्हणजे आपली सरस्वती. आसाकुसा भागातील एका टेकाडावर 'मात्सुचियामा शोदेन' नावाचे देऊळ आहे. तेथला देव म्हणजे आपला गणपती. आणि त्याला नैवेद्य काय, तर पांढरा मुळा! मूर्तीचे दर्शन घडत नाही, ती झाकलेली असते. मोदकाचा देव मुळ्यावर कसा राजी झाला असेल, असा प्रश्न माझ्या पत्नीला पडला. मला वाटते, परमुलखात गेले की देवालाही तेथले जेवण गोड मानून घ्यावे लागते.

आता शेजाऱ्यांविषयी. आपल्याकडे नवे बिऱ्हाड आले की शेजारीण चहा विचारावयास येते. जपानात रीत उलटी आहे. नव्याने आलेल्यानेच लहानशी भेटवस्तू घेऊन शेजाऱ्यांच्या दारी जावयाचे आणि 'आम्ही आलो आहोत, कृपादृष्टी असू द्या' असे म्हणावयाचे. आम्ही पंचे घेऊन गेलो. आमच्याच मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत असत. त्यांनी दोन्ही हातांनी पंचा घेतला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि दार लावून घेतले. जपानी भाषेत आजीला 'ओबाआसान' म्हणतात. आम्हीही त्यांना तसेच म्हणू लागलो.

त्यांचा आमचा खरा परिचय झाला तो कचऱ्यामुळे. तुम्ही हसाल; पण टोकियोत कचरा हा मोठ्या अभ्यासाचा विषय आहे. आमच्या भागात जाळता येण्याजोगा कचरा आठवड्यातून दोनदा, कागद व बाटल्या एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, असे वार ठरलेले. बाटलीचे झाकण वेगळे, तिच्यावरचा कागद वेगळा आणि बाटली धुऊन वेगळी. हे सर्व ठरलेल्या दिवशी सकाळी आठाच्या आत ठरलेल्या जागी ठेवावयाचे आणि वर जाळे पांघरावयाचे. जाळे कशासाठी? कावळ्यांसाठी! तेथला कावळा आपल्या कावळ्याहून मोठा, मान राखी नसलेला, नखशिखान्त काळा आणि जाड चोचीचा असतो. पितृपक्षात आपण ज्याची आर्जवे करतो, त्याला दूर ठेवण्यासाठी येथे एवढा बंदोबस्त! ओबाआसान रोज सकाळी ते जाळे नीट ताणून त्याच्या कडा दडपीत. कोणी नेमले नव्हते, कोणी पाहत नव्हते. मी त्यांना मदत करू लागलो. त्या जाळ्याचे एक टोक त्यांच्या हाती आणि दुसरे माझ्या, अशा स्थितीत मी माझी पहिली जपानी वाक्ये बोललो. विषय बहुधा पावसाचा असे.

संध्याकाळी पाचच्या सुमारास वस्तीतील ध्वनिक्षेपकांवरून 'युयाके कोयाके' या बालगीताची धून वाजते. संकटकाळी सूचना देण्यासाठी लावलेले ते कर्णे चालू आहेत ना, हे त्यानिमित्ताने तपासले जाते. आणि मुलांनाही कळते की घरी परतण्याची वेळ झाली. गीतातील मुले कावळ्यांच्या संगतीने घरी जातात, हे कळल्यावर माझा सकाळच्या त्या दरोडेखोरांवरचा राग थोडा निवळला.

ते कर्णे कशासाठी आहेत, याचा अर्थ मला २०२१ च्या ७ ऑक्टोबरला कळला. रात्रीचे पावणेअकरा वाजत आले होते. एकाएकी जमीन हलू लागली. फडताळातील भांडी वाजू लागली, दिवा झोके घेऊ लागला. मी दाराकडे धावणार, तोच आठ वर्षांच्या माझ्या लेकीने माझा हात धरून मला मेजाखाली ओढले. शाळेत हा सराव त्यांना किती वेळा देतात! आम्ही तिघे मेजाचे पाय घट्ट धरून बसलो. माझ्या आईने लहानपणी, १९६७ सालच्या ११ डिसेंबरला पहाटे झालेला कोयनेचा भूकंप पाहिलेला. पाटणकडच्या त्यांच्या गावात लोकांनी नंतर कित्येक रात्री उघड्यावर काढल्या, हे मी तिच्याकडून शंभरदा ऐकले होते. ते सारे त्या काही क्षणांत माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. हादरे थांबले. घर शाबूत होते. पण शहराच्या गाड्या थांबल्या होत्या आणि रात्र एकदम परकी झाली होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात ओबाआसान उभ्या होत्या. हातात विजेरी, पाठीवर संकटकाळची पिशवी. ऐंशी वर्षांची ती बाई आमची चौकशी करावयास आली होती! 'दाइजोबु?' म्हणजे 'ठीक आहात ना?' एवढा एकच शब्द त्या बोलल्या. पत्नीने त्यांना आत घेतले. चहा केला. मध्यरात्रीपर्यंत त्या आमच्याकडे बसल्या आणि प्रथमच पुष्कळ बोलल्या. त्यांच्या आईने १९२३ सालचा मोठा भूकंप पाहिला होता. १ सप्टेंबर, दुपारी बारा वाजण्याच्या दोन मिनिटे अगोदरची वेळ. घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या. घरे कोसळली आणि त्या चुलींनी शहराला आग लावली. लाखाहून अधिक माणसे गेली. मी माझ्या मोडक्या जपानीत त्यांना कोयनेची हकीकत सांगितली. शब्द अडला की लेक पुरवीत होती. दोन आयांचे दोन भूकंप त्या रात्री आमच्या मेजावर एकमेकांना भेटले. निघताना ओबाआसान मुलीला म्हणाल्या, 'उद्या शाळेत जाताना माझ्या दाराशी सांगून जा.'

तेव्हापासून तो नेम झाला. जपानी माणूस घराबाहेर पडताना 'इत्ते किमासु' म्हणतो. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमासु' म्हणजे येतो. जाऊन येतो! आपल्याकडे 'जातो' म्हटले की घरातील वडील माणसे रागावतात, 'येतो म्हण' म्हणतात, अगदी तसेच. घरात राहणारा उत्तर देतो, 'इत्तेराश्शाई', म्हणजे 'जाऊन ये'. परतल्यावर 'तादाइमा', 'हा आलो' म्हणावयाचे आणि घरच्यांनी 'ओकाएरी' म्हणून स्वागत करावयाचे. पाठीवर चामड्याचे दप्तर घेतलेली माझी लेक रोज सकाळी दोन दारांशी 'इत्ते किमासु' म्हणे आणि दोन दारांतून तिला उत्तर मिळे.

साथीची वर्षे सरल्यावर, २०२३ च्या सुट्टीत आम्ही साताऱ्यास गेलो. घरासमोर अजिंक्यतारा ढगांत बुडालेला, पागोळ्या गळत होत्या. तीन आठवडे कसे गेले, कळले नाही. निघताना आईने गोड्या मसाल्याच्या पुड्या बांधून दिल्या. लेक तिच्या पाया पडून म्हणाली, 'आजी, जाऊन येते.' आईने तिला जवळ घेतले आणि बराच वेळ सोडले नाही.

निशि-कासाईला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. आमच्या पेट्यांचा आवाज ऐकून ओबाआसान दारात आल्या. 'तादाइमा!' लेक ओरडली. 'ओकाएरी,' त्या म्हणाल्या. मी कुलूप काढले, दिवा लावला आणि आईला दूरध्वनी केला.

'आई, घरी पोहोचलो,' मी म्हणालो.

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग आईने विचारले, 'मसाल्याच्या पुड्या फुटल्या नाहीत ना रे?'