वेळासच्या वाळूत सापडलेले शब्द

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कोकणात जाणं झालं, तर मंडणगड तालुक्यातलं वेळास चुकवू नका. नाना फडणविसांचं हे गाव. पण आता तिथं गर्दी होते ती सकाळ-संध्याकाळ, समुद्रावर, कासवांची पिल्लं पाहायला.

मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते नि निघून जाते. पूर्वी ही अंडी सर्रास चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून ती जपायला घेतली. कुंपणात अंडी पुन्हा पुरतात, पुढे त्यावर टोपली पालथी घालतात. पन्नासेक दिवसांनी टोपली उचलावी, तर आत नुसती वळवळ!

आईचं तोंडही न पाहिलेलं ते पिल्लू समुद्राकडेच कसं वळतं? रात्री समुद्राकडची बाजू जमिनीपेक्षा उजळ असते, तिकडे ते धावतं. आता या कळण्याला म्हणायचं काय? ‘दिसणं’ म्हटलं तर फारच थोडं झालं. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, तेव्हा हा प्रश्न वर्गातच टाकला. एका मुलीनं शब्द केला, ‘उजेडओढ’. पृथ्वीचं चुंबकत्व काही समुद्री कासवांना जाणवतं, असं प्रयोगांत दिसलंय. ती झाली ‘दिशाकळ’. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर. त्याला मुलांनी नाव दिलं ‘ऊबकौल’. कौल लावणाऱ्या कोकणाला शोभणारंच, नाही का?

हा निव्वळ पोरखेळ नव्हे हं. जेकब फॉन उक्सक्युल या शास्त्रज्ञानं १९०९ च्या पुस्तकात हेच मांडलं, की प्रत्येक प्राण्याचं जग त्याच्या इंद्रियांपुरतं, निराळं असतं. त्यासाठी त्यानं भोवतालासाठीचा जर्मन शब्द ‘उम्वेल्ट’ वापरला. आपल्याकडे तरी ‘चाहूल’ कुठे एकट्या कानाची आहे?

वेळासला तिन्हीसांजेला एक बाई मोबाइलचा झोत पिल्लांवर धरून फोटो काढत होत्या. “दिवे लावू नका,” असं दोनदा सांगून झालं होतं. माझी लेक पुढे होऊन म्हणाली, “काकू, त्यांची उजेडओढ चुकेल ना!” बाईंनी अर्थही विचारला नाही, झोत बंद केला. किनाऱ्यावरच्या दिव्यांनी पिल्लं खरोखरच उलटी जमिनीकडे भरकटतात, आणि मग कावळे, कुत्री, ऊन.

माझा स्वतःचा शब्द होता ‘माहेरओढ’, कारण मादी आपल्या जन्माच्या मुलखात अंडी घालायला येते म्हणतात. पण २०२१ साली ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “मग हिचं माहेर कुठलं गं?”

तो शब्द फळ्यावर अजून प्रश्नचिन्हासकट आहे.