दोन नावांचा अभिनेता

नोकरीसाठी शहरात गेलेली आमच्या धर्मग्रामातील काही मुले स्नानसंस्काराचे नाव टाकून दुसरेच सांगतात. पूर्वी मी रागावत असे. मग मार्टिन शीन या अमेरिकन अभिनेत्याची कथा वाचनात आली.

त्यांचे खरे नाव रामोन एस्तेवेझ. जन्म १९४०, ओहायो राज्यातील डेटनचा. वडील स्पॅनिश, आई आयरिश. परक्या नावामुळे न्यूयॉर्कमध्ये काम मिळेना, तेव्हा त्यांनी टेलिव्हिजनवर गाजलेल्या बिशप फुल्टन शीन यांचे आडनाव धारण केले. १९६४ साली ‘द सब्जेक्ट वॉज रोझेस’ या नाटकाने ब्रॉडवेवर त्यांना कीर्ती लाभली. आडनाव बिशपांचे होते, पण ख्रिस्तसभा दुरावली होती. १९७७ साली फिलिपाइन्समध्ये चित्रीकरण चालू असता हृदयविकाराचा झटका आला. पुढे ‘गांधी’ चित्रपटानिमित्त ते भारतात आले, येथील दारिद्र्य पाहून अंतर्मुख झाले आणि १९८१ साली पॅरिसमधील एका चर्चचे दार ठोठावून त्यांनी पापनिवेदन केले.

‘द वेस्ट विंग’ (१९९९–२००६) या मालिकेत त्यांनी कॅथोलिक राष्ट्राध्यक्ष साकारला. कागदोपत्री मात्र त्यांनी रामोन हेच नाव राखले. रंगभूमीसाठी ते टाकल्याची खंतही बोलून दाखविली.

आता मी रागावत नाही. जग कोणत्याही नावाने ओळखो, पिता पहिल्याच नावाने हाक मारतो. आपण दार तेवढे उघडे ठेवावे.