मेन कून : बर्फातले मांजर

मांजर म्हटले की आपल्यापुढे येते ते दुधाच्या पातेल्यावर डोळा ठेवणारे, तीन-चार किलोचे माऊ. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या मांजराची गोष्टच वेगळी! मेन कून जातीचा बोका सहा-आठ किलो सहज भरतो आणि पूर्ण वाढायला तीन-चार वर्षे घेतो. ‘स्टुई’ नावाचा बोका २०१० साली नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १२३ सेंटीमीटर भरला होता. म्हणजे आपल्या पहिली-दुसरीतल्या मुलाच्या उंचीएवढा.

याचे केस पर्शियन मांजरासारखे सगळीकडून लोळणारे नसतात. खांद्यावर आखूड, पोटाखाली आणि मांड्यांवर लांब, गळ्याभोवती मफलर गुंडाळल्यासारखे. पायाच्या बोटांमध्येसुद्धा केसांचे झुबके असतात, म्हणजे बर्फात पाऊल गारठत नाही. झोपताना झुपकेदार शेपटी अंगाभोवती लपेटून घेतली की पांघरूण तयार. आतली लव पर्शियनपेक्षा कमी, त्यामुळे आठवड्यातून दोनदा कंगवा फिरवला तरी भागते. आवाज मात्र देहाला मुळीच शोभत नाही. म्याँव कमी, पाखरासारखी चिरचिर जास्त.

रॅकून या प्राण्याशी संकर होऊन ही जात झाली, अशी तिकडे दंतकथा आहे. ते शक्यच नाही. शेतावरची मांजरे आणि जहाजांतून आलेली लांब केसांची मांजरे यांची ही संतती असावी. निवड केली ती तिथल्या हिवाळ्याने. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात ‘कोझी’ नावाच्या मेन कून मांजरीने पहिला मान मिळवला. पुढे पर्शियन मांजरांची हौस वाढली आणि १९५० च्या दशकात ही जात संपल्याचेही जाहीर झाले. धान्याच्या कोठारांत उंदीर पकडणाऱ्या मांजरांना ती बातमी कळली नसावी! १९८५ साली मेनने हिला राज्याचे मांजर ठरवले.

माझी मुलगी बॉस्टनला असते, तिथून मेन फार लांब नाही. तिने असाच एक बोका पाळला होता. नाव ठेवले भीम. मी तिच्याकडे गेले की तो माझ्या पोळपाटाशेजारी बसून पोळ्या मोजत असे. पाचव्या वर्षी एका सकाळी खिडकीवर उडी मारता मारता तो कोसळला, तो उठलाच नाही. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकार होता. या जातीत तो बराच आढळतो. त्यामागचा एक जनुकीय दोष २००५ मध्ये सापडला आणि सुमारे एक तृतीयांश मेन कून मांजरांत तो असतो. आता गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून तपासणी करता येते. मुलीने दुसरे पिल्लू घेतले ते आईबापाचे रिपोर्ट आणि हृदयाची सोनोग्राफी पाहूनच. रिपोर्ट चांगला म्हणजे हमी नव्हे, कारण इतर कारणांनीही हा रोग होतो. पण निदान डोळे उघडे ठेवून आणले.

हे सगळे आठवायचे कारण माझी भाची. भीमाचे फोटो बघून तिलाही तसेच मांजर हवे आहे, आणि ती राहते इथे इंदुरात! मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या मफलरवाल्याने करायचे काय? “मावशी, एसी लावीन ना,” ती म्हणाली. दिवसातून किती वेळा दिवे जातात, ते मी तिला मोजून सांगितले. तरी तिच्याबरोबर विक्रेत्याकडे गेले. त्याने वंशावळीचा रंगीत कागद कौतुकाने दाखवला. हृदयाच्या तपासणीचे विचारले, तर हसून म्हणाला, “आंटीजी, बिल्ली की कुंडली कौन देखता है?”

भाचीने कागद त्याला परत दिला आणि पर्स मिटली. रिपोर्ट आणा, मग बोलू, एवढेच म्हणाली. मोबाइलवर त्या पिल्लाचा फोटो मात्र रोज संध्याकाळी बघते.